कॉन्टोसोत कुणी भांडत नाही

संगणकाच्या पुस्तकांत एक जात अशी आहे, की ती कुणी वाचत नाही. अडलं की उघडतात आणि सुटलं की मिटतात. नेटवर्क डिरेक्टरी सांभाळणाऱ्यांसाठी लिहिलेली मार्गदर्शकं या जातीतली. वजनाला चांगली घसघशीत, आणि बांधणी अशी की टेबलावर उघडं ठेवलं तर आपोआप मिटतं, म्हणून पानावर चहाचा कप ठेवावा लागतो. त्यामुळे कुठल्याही सर्व्हर रूममधलं जुनं मार्गदर्शक हातात घ्या, सगळ्यांत जास्त अडणारं प्रकरण कोणतं ते कपाच्या गोल डागांवरून कळतं. (पहिला नंबर ‘अकाउंट लॉकआउट’चा. दुसरा ‘डीएनएस’चा.)

ही डिरेक्टरी काय भानगड आहे ते आधी सांगतो. मोठ्या ऑफिसात प्रत्येक माणसाची, प्रत्येक संगणकाची, प्रत्येक प्रिंटरची नोंद एका ठिकाणी असते. सकाळी तुम्ही पासवर्ड टाकता तेव्हा समोरचा संगणक तुम्हाला ओळखत नसतो. तो त्या नोंदवहीला विचारतो, की या बाई कोण, यांना आत घेऊ का, पगाराचं फोल्डर दाखवू का, रंगीत प्रिंट काढू देऊ का. नोंदवही हो म्हणाली तर तुमचा दिवस सुरू होतो. नाही म्हणाली तर माझा.

या नोंदवह्यांचं मूळ एक्स-५०० नावाच्या एका आंतरराष्ट्रीय प्रमाणात आहे. ते १९८८ सालचं. साऱ्या जगाची मिळून एकच डिरेक्टरी करायची, असा तो बेत होता. आणि असे बेत जितके भव्य असतात तितकंच हे प्रकरण जड होतं. १९९३ साली मिशिगन विद्यापीठातल्या टिम हाउझ आणि मंडळींनी त्याचा एक हलका अवतार काढला, तो एलडॅप. पुढे फेब्रुवारी २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज २००० बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणली, आणि तेव्हापासून माझ्यासारख्यांच्या पोटापाण्याची सोय झाली. सोय झाली म्हणजे पोट दुखायचं कारण कायमचं एक झालं.

तर पुस्तकं. ओरायली या अमेरिकी प्रकाशनाच्या संगणक-पुस्तकांवर प्राण्यांची जुनी कोरीव चित्रं असतात, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्यांच्या ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ या पुस्तकावर मांजरं आहेत आणि रॉबी ॲलन यांच्या २००३ सालच्या ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी कुकबुक’वर ट्यूना मासा. दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवणाऱ्याला काळजाचा माणूस म्हणायला हवं.

कुकबुकची मांडणी मोठी मोहक आहे. प्रत्येक कृतीला मुख्य मथळे तीन: समस्या, उपाय, चर्चा. उपायही तीन तऱ्हांनी: माउसनं कसा करायचा, कमांड देऊन कसा, आणि हे शंभर वेळा करायचं असेल तर स्क्रिप्ट लिहून कसा. ‘रुचिरा’ उघडणाऱ्या बाईला जसा भरवसा असतो की वाटीचं माप पाळलं तर पदार्थ होणार, तसाच भरवसा इथेही वाटतो. फक्त रुचिरा उघडण्यापूर्वी घरात एक गोष्ट ठरलेली असते: जेवायला कोण कोण आहे. डिरेक्टरीच्या मार्गदर्शकानंही हेच गृहीत धरलेलं असतं. खातं कुणाला द्यायचं, कुणाचं काढायचं, कोण कुणाच्या हाताखाली, कुणी कुठलं फोल्डर पाहायचं, हे सगळं ऑफिसनं ठरवून टाकलंय आणि आता फक्त बटण दाबायचं राहिलंय. बटण कुठलं, ते पुस्तक अचूक सांगतं. पण ठरलेलं काहीच नसतं. आमच्याकडे आधी चर्चा होते, चर्चेतून समस्या निघते आणि उपाय पुढच्या मिटिंगवर ढकलला जातो.

पुस्तकांना हे कळत नाही, कारण पुस्तकांचं ऑफिस वेगळं आहे. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शकांत एक कंपनी वर्षानुवर्षं नांदते आहे. तिचं नाव कॉन्टोसो. ती अस्तित्वात नाही. उदाहरणापुरती काढलेली आहे. तिच्या शेजारी फॅब्रिकॅम नावाची दुसरी, नॉर्थविंड ट्रेडर्स नावाची तिसरी. कॉन्टोसोत विभाग ठरलेले आहेत आणि ते सहसा बदलत नाहीत. कॉन्टोसोत कुणाचा भाचा लागत नाही. कॉन्टोसोत नवा माणूस येणार हे आयटीला आधी कळतं. आमच्याकडे नवा माणूस रिसेप्शनवर बसून दोन चहा प्यायला, की एचआरच्या मॅडमचा फोन येतो, “अहो, त्यांचं लॉगिन अजून झालं नाही का?” त्यांचं म्हणजे कुणाचं, हे विचारलं की मॅडमना वाटतं आयटीवाले मुद्दाम अडवतात.

एलडॅपच्या कागदपत्रांत कॉन्टोसोच्याही आधीची एक वस्ती आहे. तिथे बार्बरा जेन्सन राहतात. डिरेक्टरीतल्या नोंदी साध्या मजकुरात कशा लिहायच्या, याचं प्रमाण जून २००० मध्ये आरएफसी २८४९ या क्रमांकानं निघालं. त्यातल्या पहिल्याच उदाहरणात या बाई भेटतात. प्रॉडक्ट डेव्हलपमेंट विभाग, फोन नंबर, आणि वर्णनाच्या रकान्यात त्यांना शिडाच्या बोटीची मोठी हौस असल्याची नोंद. पंचवीस वर्षं झाली, जगभरातले ॲडमिन या बाईंना तयार करतात, त्यांचा विभाग बदलतात, त्यांना पुसून टाकतात आणि पुन्हा तयार करतात. कुठल्याही खऱ्या कर्मचाऱ्याची इतकी ससेहोलपट झाली नसेल, तरी बोटीची हौस कायम.

त्याच कागदात पुढे गर्न जेन्सन नावाचा आणखी एक जेन्सन आहे. त्याच्या वर्णनाच्या रकान्यात अक्षरांची नुसती भेंडोळी दिसते, कारण तो मजकूर बेस-६४ या पद्धतीनं सांकेतिक केलेला आहे. बहुतेक वाचक उदाहरण कळलं म्हणून पुढे जातात. ज्याला रिकामा वेळ आहे तो ती भेंडोळी उलगडतो. आत लिहिलंय, की वाचक मोठे काळजीपूर्वक वाचणारे दिसतात, या मजकुरात एक अदृश्य अक्षर असल्यामुळे तो सांकेतिक केलाय, आणि हो, तुम्ही जरा घराबाहेर पडत जा. अधिकृत तांत्रिक प्रमाणात दडवून ठेवलेली ही थट्टा मला फार आवडते. या धंद्यातल्या माणसाची इतकी खरी ओळख दुसऱ्या कुठल्याच रकान्यात नाही.

रकाने म्हटलं की नावांपासून सुरुवात होते आणि नावांपाशीच गाडी अडते. एलडॅपच्या जगात माणूस म्हणून नोंद व्हायला दोन गोष्टी सक्तीच्या: पूर्ण नाव आणि आडनाव. बाकी फोन, पत्ता, पासवर्डसुद्धा, सगळं ऐच्छिक. आडनाव मात्र पाहिजेच. आमच्या चेन्नईच्या सहकाऱ्याला आडनाव नाही. नावापुढे वडिलांच्या नावाचं एक आद्याक्षर, संपलं. त्याची नोंद करताना प्रणाली हटून बसली, तेव्हा कुणीतरी आडनावाच्या जागी टिंब टाकलं. आता पगारपत्रकापासून वाढदिवसाच्या मेलपर्यंत सगळीकडे त्याच्या नावापुढे एक टिंब छापून येतं, आणि तो बिचारा सांगत फिरतो की ते पूर्णविराम नाही, आडनाव आहे.

मराठी माणसाला आडनाव असतं, पण त्यामुळे सुटका होते असं समजू नका. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन मजली इमारत असते आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीत लॉगिन नावाला वीसच अक्षरं मिळतात. देवाच्या नावावरून आलेलं लांबलचक नाव आणि गावावरून आलेलं तितकंच लांब ‘कर’ आडनाव एकत्र आलं की रोमन लिपीत विसाव्या अक्षरावर माणूस तुटतो. सहसा ‘क’पाशी. मग आद्याक्षरं घ्यावीत, तर एस. पाटील ही व्यक्ती आमच्याकडे किती जणांत विभागलेली आहे याचा अंदाज मेल चुकीच्या पाटलांना गेल्यावरच येतो. एकदा तर एका एस. पाटलांच्या पगारवाढीचं पत्र दुसऱ्या एस. पाटलांना गेलं. त्यांनी ते वाचून, कुठलीही शंका न घेता, आभाराचं उत्तर पाठवलं.

लग्न झालेल्या मुलींचं प्रकरण निराळं. सासरचं आडनाव लावायचं म्हणून अर्ज येतो. नाव बदलता येतं, मेल बदलता येतो, लॉगिनही बदलतं. पण आतमध्ये प्रत्येक खात्याला एक एसआयडी असतो, लांबच लांब आकडा. खातं जन्माला येताना तो मिळतो आणि नाव कितीही बदललं तरी बदलत नाही. शिवाय तिच्या संगणकावरचं फोल्डर जुन्याच नावाचं राहतं. म्हणजे कागदोपत्री सासर, पण फायली सगळ्या माहेरी. पुस्तकात यावर इशारा आहे, की ते फोल्डर हातानं बदलायला जाऊ नका, घोटाळा होईल. इशारा योग्य आहे. या बाबतीत बाहेरच्यानं हात घालू नये.

आता ज्या एका रकान्यानं माझं डोकं सगळ्यांत जास्त खाल्लं, तिथे येतो. ‘मॅनेजर’. प्रत्येकाच्या नोंदीत त्याचा साहेब कोण हे लिहायचं. आणि यात नाव एकच मावतं. बहुतेकांना दोन साहेब असतात, एक कामाचा आणि एक सहीचा, हे पुस्तकाला मान्य नाही. तेही सोडा. खरी गंमत उलट्या बाजूला आहे. साहेबाच्या नोंदीत ‘डायरेक्ट रिपोर्ट्स’ नावाचा रकाना असतो, त्यात त्याच्या हाताखालच्यांची यादी दिसते. पण तो रकाना कुणालाच लिहिता येत नाही. हाताखालच्यांनी आपापल्या नोंदीत साहेबाचं नाव लिहिलं, की ती यादी आपोआप बनते. म्हणजे अमुक माणूस माझ्या हाताखाली आहे, असं डिरेक्टरीत जाहीर करायची सोयच नाही. मी अमक्याच्या हाताखाली आहे, एवढंच कबूल करता येतं.

हे ज्यानं ठरवलं त्यानं आयुष्यात एक तरी ऑफिस पाहिलं असावं. कारण कंपनीचा तक्ता काढायचं ठरलं तेव्हा माझ्याकडे दोन याद्या आल्या. माझ्या हाताखाली कोण कोण, ही यादी प्रत्येक साहेबानं दिली. सगळ्यांची बेरीज कंपनीच्या माणसांपेक्षा बरीच जास्त झाली. आणि तुम्ही कुणाच्या हाताखाली, हे विचारायला फॉर्म फिरवला, तर निम्मे फॉर्म कोरे आले. खरेदी विभागाच्या साहेबांनी फोन केला.

“अहो, माझ्या नावाखाली चारच माणसं दिसतायत.”

“हो साहेब. बाकीच्यांच्या नोंदीत तुमचं नाव नाही.”

“मग टाका ना.”

“त्यांनी फॉर्मवर लिहून द्यायला हवं.”

“ते कशाला लिहून देतील?”

या प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या ‘चर्चा’ विभागातही मिळालं नाही. स्टोअरच्या दोघांनी तर फॉर्मवर एकमेकांची नावं लिहिली. डिरेक्टरी असलं काही निमूट मान्य करते. अ चा साहेब ब आणि ब चा साहेब अ, तिला काही वावगं वाटत नाही. त्या दोघांच्या रजा तेव्हापासून विनासायास मंजूर होतात.

इतक्या गंभीर रकान्यांत एक रकाना असा आहे की तो पाहिला की मला माणुसकीवर विश्वास ठेवावासा वाटतो. त्याचं नाव ‘ड्रिंक’. आवडतं पेय. १९९१ सालच्या आरएफसी १२७४ मध्ये तो दिला आहे, आणि व्याख्येत म्हटलंय की वस्तूचं किंवा माणसाचं आवडतं पेय इथे नोंदवावं. वस्तूचं! प्रिंटरला काय आवडतं हे ठरवायला कुठली समिती बसली असेल? पण रकाना टिकला. तो ॲक्टिव्ह डिरेक्टरीतही आहे. आजवर पाहिलेल्या कुठल्याही कंपनीत तो भरलेला मला आढळला नाही. आणि हाच एक रकाना असा आहे की ज्याची माहिती ऑफिसात निर्विवाद, ताजी आणि एकाच माणसाकडे आहे. आमचा शिपाई. कुणाचा बिनसाखरेचा, कुणाचा कमी दुधाचा, कोणते साहेब व्हिजिटरसमोर ग्रीन टी घेतात आणि व्हिजिटर गेल्यावर खरा चहा मागवतात, हे सगळं त्याला तोंडपाठ. एचआरची माहिती तीन ठिकाणी तीन तऱ्हेची असते. ‘ड्रिंक’ भरायचं काम शिपायाला दिलं तर कंपनीतली ती पहिली बिनचूक नोंद होईल.

पासवर्ड हा प्रकार मात्र माणुसकीच्या विरुद्ध टोकाला आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरी पेटीतून काढल्यावर तिचे नियम असे असतात: पासवर्ड किमान सात अक्षरांचा, मोठी लिपी, छोटी लिपी, आकडा, चिन्ह यांतले किमान तीन प्रकार त्यात हवेत, ४२ दिवसांनी बदलायचा, मागचे २४ लक्षात ठेवले जाणार, आणि एकदा बदलला की एक दिवस तरी पुन्हा बदलायचा नाही. हा शेवटचा नियम का, असा प्रश्न नवशिक्यांना पडतो. नाहीतर माणसं एका बैठकीत चोवीस वेळा पासवर्ड बदलून पुन्हा जुन्यावरच येतात. नियम करणाऱ्यांनी माणूस ओळखलेला होता, फक्त आमच्या अकाउंट्समधल्या काकांना ओळखलं नव्हतं.

काकांनी पंचांग काढलं. पहिला पासवर्ड चैत्र@१. रोमन लिपीत, पहिलं अक्षर मोठं. तीन काय, चारही प्रकार आले. पुढचा वैशाख@१. महिने क्रमानं येतात, त्यामुळे विसरायला होत नाही. अडचण एवढीच की खरा महिना एकोणतीस-तीस दिवसांचा आणि पासवर्डचा बेचाळीस. त्यामुळे काकांचं पंचांग हळूहळू मागे पडत जातं. बाहेर गणपती येऊन गेले, दिवाळी झाली, तुळशीची लग्नं जवळ आली, की काकांना भाद्रपद लागतो. पौष कसाबसा निघाला. माघ@१ मात्र संगणकानं नाकारला. काका तावातावानं माझ्या टेबलापाशी आले. रोमन लिपीत माघाची अक्षरं चारच. चिन्ह आणि आकडा धरून सहा होतात, आणि हवीत सात. “माघात काय दोष आहे?” असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात धर्मसंकट होतं. शेवटी एक ‘ए’ जास्तीचा घालून माघ लांबवला.

दोन वर्षं, म्हणजे @१ आणि @२ मिळून चोवीस महिने, अशी त्यांनी सोय लावली होती. चोविसावा संपला की पुन्हा चैत्र@१. पण संगणक मागचे चोवीस लक्षात ठेवतो आणि त्यात पहिला चैत्रही असतोच. एक महिना कमी पडणार होता. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते जराही डगमगले नाहीत. “मग अधिक मास धरू,” म्हणाले. चोवीस पासवर्डांच्या स्मरणशक्तीवर मात करायला हिंदू कालगणनेत आधीच तरतूद आहे, हे कुठल्याही अमेरिकी मार्गदर्शकात नाही.

दर थोड्या दिवसांनी पासवर्ड बदलायला लावण्याची ही चाल रूढ होण्यात अमेरिकेच्या ‘निस्ट’ या संस्थेच्या २००३ सालच्या एका दस्तऐवजाचा मोठा हात होता. त्याचे लेखक बिल बर यांनी २०१७ साली, निवृत्तीनंतर, आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं. त्याच वर्षी निस्टनंही नियम फिरवला: उगाच मुदत घालून पासवर्ड बदलायला लावू नका. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनंही आपल्या शिफारशींतून ती मुदत काढली. मी ही बातमी काकांना मोठ्या आनंदानं सांगितली. काकांचा चेहरा पडला. त्यांचा आषाढ नुकताच लागला होता.

तारखांचा विषय निघालाच आहे तर ऑडिटरांचं सांगून टाकतो. न वापरलेली खाती शोधून काढा, असं दर ऑडिटला असतं. पुस्तकात त्याची स्क्रिप्ट तयार मिळते. पण शेवटचं लॉगिन कधी, हे प्रत्येक सर्व्हर आपल्यापुरतं लिहितो आणि दुसऱ्याला सांगत नाही. पुण्याचा सर्व्हर म्हणतो, हे कालच आले होते. नागपूरचा म्हणतो, आम्ही यांचं तोंड पाहिलेलं नाही. सगळ्यांना सांगितला जाणारा एक वेगळा रकाना आहे, पण तो रोज नाही, नऊ ते चौदा दिवसांनी कधीतरी ताजा होतो. शिवाय ॲक्टिव्ह डिरेक्टरी काळ मोजते तो १ जानेवारी १६०१ पासून, आणि तोही सेकंदाच्या एक कोटीव्या भागात. ग्रेगोरियन पंचांगाचं चारशे वर्षांचं आवर्तन तिथून सुरू होतं, म्हणून गणिताला ते सोयीचं. परिणाम असा, की जो माणूस कधीच लॉगिन झाला नाही त्याच्यापुढे शून्य असतं, आणि शून्याची तारीख काढली की १ जानेवारी १६०१ येते. वेळ भारतीय, म्हणून पहाटे साडेपाच.

तो अहवाल हातात धरून ऑडिटर माझ्याकडे आले. तरुण होते, टायबिय पक्का.

“हे सात जण एकाच दिवशी, पहाटे साडेपाचला लॉगिन झालेत?”

“झालेच नाहीत.”

“इथे तारीख आहे.”

“तेव्हा अकबर गादीवर होता, साहेब. शिवजन्माला एकोणतीस वर्षं अवकाश होता.”

“ते असेल. पण लॉग आहे ना?”

अंतिम अहवालात निरीक्षण आलं: सन १६०१ पासून वापरात नसलेली सात खाती आढळली, व्यवस्थापनानं विलंबाची कारणं द्यावीत. व्यवस्थापनानं ती माझ्याकडून मागवली.

पाच विशेष अधिकारांचं प्रकरण आता थोडक्यात. डिरेक्टरीचे सर्व्हर एरवी एकमेकांच्या बरोबरीचे, पण पाच कामं अशी आहेत की ती एका वेळी एकाच सर्व्हरकडे असतात. तो सर्व्हर धड असेल तर अधिकार रीतसर हस्तांतरित करायचे. बंद पडून परत येणारच नसेल तर हिसकावून घ्यायचे. आणि हिसकावल्यावर पुस्तक ठळक अक्षरांत बजावतं, की जुन्याला पुन्हा नेटवर्कवर येऊ देऊ नका, नाहीतर दोघंही आपणच खरे म्हणून कारभार करतील. पेशवाईचा इतिहास शाळेत शिकलेल्यांना हे प्रकरण पुन्हा वाचावं लागत नाही.

या सगळ्या पुस्तकांत जे कुठेच नव्हतं ते एकदा प्रत्यक्ष घडलं. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधून सुटला आणि मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीत शिरला. जगातल्या मालवाहतुकीचा मोठा हिस्सा या कंपनीच्या जहाजांवर. पाहता पाहता संगणकांचे पडदे काळे झाले. आपल्या न्हावाशेव्यालाही झळ बसली. जेएनपीटीतलं या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं आणि कंटेनरचे ट्रेलर उभे राहिले. कंपनी सावरायला बसली तेव्हा लक्षात आलं, की बाकी बऱ्याच गोष्टींच्या प्रती आहेत, पण डिरेक्टरीची प्रत नाही. जगभर दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर, म्हणजे डिरेक्टरीचे सर्व्हर, होते आणि ते एकमेकांना सतत नोंदी पुरवत होते. एक गेला तर बाकीचे आहेत, या हिशोबानं वेगळी प्रत कुणी काढलेली नव्हती. आणि सगळे एकदमच पुसले गेले. नोंदवही नाही म्हणजे कुणी कुणाला ओळखत नाही. सर्व्हर नवे आणून काय करणार?

शोधता शोधता एक जिवंत सापडला. घानामध्ये. तो वाचला याचं कारण असं, की हल्ला झाला तेव्हा तिथे वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. घानाहून तो डेटा इंग्लंडला पाठवावा, तर तिथलं इंटरनेट इतकं बारीक की कितीतरी दिवस गेले असते. तिथल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी घानाचा एक माणूस हार्ड डिस्क घेऊन विमानानं नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर त्यानं ती दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती दिली, आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. एवढ्या मोठ्या कंपनीचा सारा वंशवेल त्या पिशवीत होता.

ही हकिकत मी आमच्या मिटिंगमध्ये सांगितली, ती बॅकअपसाठी पैसे मंजूर व्हावेत म्हणून. साहेबांनी अगदी मन लावून ऐकली. मग म्हणाले, “म्हणजे एक सर्व्हर जिथे लाइट जाते तिथे ठेवायचा.”

मी म्हटलं, बॅकअपची जागा त्यानं भरून निघत नाही. पण तसा एक प्रकार पुस्तकात आहे खरा. एक ठिकाण मुद्दाम मागे ठेवतात, म्हणजे बाकीच्यांच्या नोंदी तिथे उशिरानं पोहोचतात. कुणी चुकून काही पुसलं तर तिथे ते अजून असतं. त्याला लॅग साइट म्हणतात.

एवढं म्हणायचा अवकाश, सगळ्या शाखा एकदम बोलायला लागल्या. एरवी विजेचा विषय निघाला की प्रत्येक शाखा सारवासारव करायची. आज एकाएकी सगळ्यांच्या अंगात आलं. आमच्याकडे दर गुरुवारी जाते. आमच्याकडे पाऊस नुसता दिसला की जाते. आमच्याकडे आली तर कळवतात. सोलापूरचे शाखाप्रमुख स्क्रीनवर होते, चित्र गोठलेलं, तोंड उघडं. आवाज अर्ध्या मिनिटानं पोहोचत होता. साहेबांनी त्या गोठलेल्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “हे आपोआपच झालेलं दिसतंय. खर्च शून्य.” मिनिट्समध्ये तसं लिहूनही घेतलं.

विषय संपून पुढचा सुरू झाला होता, तेवढ्यात सोलापूरचा आवाज आला, “साहेब, म्हणजे आमच्या नेटची तक्रार आता बंद करणार का?”